पोटांची वही

मास्तर पिण्याच्या पाण्याच्या घागरीला फडकं बांधत, फडक्यावर सुतळी, सुतळीला गाठ आणि गाठीवर लाखेचा ठिपका. पाणी प्यायचं झालं की आधी ठिपका नीट पाहायचा, मग तो फोडायचा, पाणी प्यायचं आणि मेणबत्ती पेटवून पुन्हा नवा ठिपका द्यायचा. हे दिवसातून पाच-सहा वेळा. एकदा मी न राहवून विचारलं, "मास्तर, तुमच्या पाण्यात कोण काय घालणार?"

त्यांनी नवा ठिपका देऊन मेणबत्ती विझवली. "कोण घालणार ते कळलं असतं तर लाख कशाला लागली असती?"

या माणसाच्या मुलीचं ठरत आलेलं लग्न माझ्यामुळे मोडलं. हे वाक्य मी चौदा वर्षं कुणापाशी उच्चारलं नाही. माझ्या बायकोलाही हे ठाऊक नाही. तिला आता वाचूनच कळेल. भोर संस्थान विलीन झालं, त्यालाही वर्ष होऊन गेलं. मी पंचेचाळिशी ओलांडली. आता लपवून कुणाचं काय राखायचं आहे?

आमची शाळा कानंदीच्या काठी होती, वेल्ह्याच्या अलीकडच्या एका गावात. दार उघडलं की समोर तोरणा. भाटघरचं धरण होऊन तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती. शाळेला मास्तर दोनच. ते मोठे, मी धाकटा. दोघांचीही बिऱ्हाडं भोरला. शाळेच्या मागच्या अंगाला दोन खोल्या होत्या, मधे कुडाची भिंत. एकीत ते, दुसरीत मी. स्वयंपाक ज्याचा त्याचा. एकत्र करावा असं मी पहिल्याच आठवड्यात सुचवलं होतं, तेव्हा ते म्हणाले, "तुमच्या मिठाचा डबा उघडा असतो. मी पाहिलंय."

कशाचाच भरवसा नसलेला माणूस. खडूवर पेन्सिलीनं खुणा करून ठेवत, रात्रीत कुणी झिजवला की काय ते कळावं म्हणून. आलेलं पाकीट आधी उन्हात धरून पाहत आणि मगच फोडत. आतलं पत्र बाहेरच्या पत्त्याशी अक्षर ताडून वाचत. हौदाला दोन नळ आहेत, एकानं हौद तीन तासांत भरतो, हे गणित शिकवताना मधेच थांबून मुलांना विचारत, "पण हौद गळका नाही हे कशावरून?" मुलं बिचारी पाटीवर काय लिहावं ते न कळून बसून राहत. मास्तर खूश होत. "हां! आता विचार करताय."

तपकीर मात्र भारी. उपरण्याची दोन्ही टोकं कायम तांबूस. तपकिरीमुळे त्यांच्या नाकाला दुसरा कसलाही वास कळत नसे. भात करपला तरी मी कुडाच्या अलीकडून ओरडून सांगायचा. ही गोष्ट पुढे माझ्या सोयीची झाली.

साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या या माणसानं विश्वास टाकला तो एकट्या माझ्यावर. सुट्टीत भोरला जाताना खोलीची किल्ली माझ्याकडे. का, तर म्हणे, "तुम्ही बोलत नाही. चोर नेहमी बडबड्या असतो. त्याला सगळ्याचा खुलासा करायचा असतो." मी तेव्हाही हसलो नाही, आणि खुलासाही केला नाही.

गावाचा संशय उलट मास्तरांवर. गावाच्या खालच्या अंगाला नदीच्या जुन्या पात्रात एक डोह होता. नदीला पूर आला तरी त्याचं पाणी नुसतं फुगायचं, धावायचं नाही. काठाला पाणगवत माजलेलं. डोह आसरांचा, जलदेवतांचा, त्यामुळे त्यात कुणी जाळं टाकत नसे, गळ लावत नसे. काठावरच्या शेंदूर लावलेल्या सात दगडांना हिरवा चुडा, नारळ. अशा ठिकाणी मास्तर छत्री घेऊन तासन्‌तास पाण्यात पाहत बसत. ब्राह्मण, ना जाळं ना गळ, ना देवपूजा. मग बसतो कशाला? गावानं आपलं उत्तर काढलं होतं. तोरण्यावर महाराजांना धन सापडलं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. गडावरचं उरलेलं धन डोहात असणार आणि मास्तरला कुठल्या तरी पोथीत त्याचा ठिकाणा लागलेला असणार!

पाटील वाटेत भेटले की हटकून विचारत, "काय मास्तर, लागलं का काई हाताला?"

"अजून नाही," मास्तर गंभीरपणे सांगत. "अजून दोन पावसाळे लागतील."

पाटील डोळे बारीक करून बघत राहत. मास्तर बोलत होते मरळीबद्दल.

मरळ हा त्या बाजूचा नामी मासा. सापासारखं डोकं, काळसर अंग, मधून मधून पाण्यावर येऊन वरची हवा घेणार. मास्तरांनी जन्मात मासा चाखला नव्हता, पण मरळ कधी काय खाते याचा त्यांना ध्यास लागला होता. डोहाखालच्या ओढ्यात आणि खाचरांत कोळी मंडळी मासे धरत. त्यांनी मरळ धरली की पोट मास्तरांसमोर फाडायचं, असा करार. मास्तर हात लावत नसत, छत्रीच्या टोकानं "हे काय? उलट कर. आता ते दाखव," असं करून पाहत. बदल्यात मास्तर त्यांचे अर्ज लिहून देत. एका पोटाला एक अर्ज. गावातल्या कोळ्यांचे इतके अर्ज कचेरीत गेले की तिथल्या कारकुनालाही संशय आला, या वाडीला एकाएकी एवढं काय दुःख झालं म्हणून.

पोटांची एक वही होती. जाड पुठ्ठ्याची, बंदांनी बांधलेली. "वैशाख वद्य तीज. मरळ, हातभर. पोटात बेडूक दोन, खेकडा एक, पाखराचे पीस." "ज्येष्ठ शुद्ध अष्टमी. बेडूक चार. एवढी खाई कशासाठी?" आणि मग दोन नोंदी, दोन वेगळ्या वर्षांच्या, तांबड्या शाईनं: "आषाढ. पिल्लांवरचा नर. पोट रिकामे. धुऊन वाळत घातलेल्या पिशवीसारखे."

कोळी मंडळी पिल्लांवरची, म्हणजे पिल्लं राखत असलेली, मरळ धरत नसत. चुकून आली तर सोडून देत. त्या दोन जाळ्यातच मेल्या म्हणून मास्तरांच्या वाट्याला आल्या.

एका आषाढात त्यांनी मला डोहावर नेलं. पाऊस भुरभुर पडत होता. पाणगवतात पाण्याखाली तांबडा गोळा हलत होता, परातीएवढा. जरा वाकून पाहिलं तर बोटाच्या पेरापेक्षाही लहान पिल्लं, शेकड्यांनी. सगळी एकदम वर येऊन हवा घेत, तेव्हा तेवढ्याच जागी पाणी उकळल्यासारखं होई.

"बाप खाली आहे," मास्तर कुजबुजले. आई की बाप यावर कोळ्यांचं आणि त्यांचं कधी पटलं नाही, पण मास्तरांचं मत ठाम. "बघा आता."

त्यांनी छत्री मिटली आणि तिचं टोक हळूच गोळ्याजवळ पाण्यात बुडवलं. खालून काहीतरी काळं उसळलं, छत्रीला असा हिसका बसला की मास्तर गुडघ्यावर आले. टोकाच्या पितळेवर दातांचे ओरखडे होते.

"भूक लागली म्हणून छत्री खाते का हो मरळ?" त्यांचा चेहरा पावसानं आणि आनंदानं चमकत होता. "वैशाख-ज्येष्ठात ती पोटासाठी धरते. तेव्हा बेडूक दाखवा, बेडूक गिळेल. अंडी घातली की खाणं बंद. पंधरा दिवस, महिना, उपाशी. पण चावायची थांबत नाही. जे जवळ येईल त्याला चावते, आणि चावलेलं गिळत नाही, थुंकते. या दिवसांत मासा भुकेनं चावत नाही, संशयानं चावतो. ध्यानात ठेवा."

"आणि पिल्लं मोठी झाल्यावर?"

"पांगतात. मग याला भूक आठवते. भाद्रपदात समोर येईल ते खातो, स्वतःची पिल्लंसुद्धा." तपकिरीची चिमूट नाकात कोंबून ते म्हणाले, "राखण संपली की ओळख संपली."

मी सगळं ध्यानात ठेवलं.

पुढच्या वर्षी चैत्रात मला विषमज्वर झाला. एकवीस दिवस मी त्या खोलीत पडून होतो. मास्तर कुडाच्या पलीकडून दर तासाला विचारत, "आहात ना?" पण आत येत नसत, जंतूंवर त्यांचा संशय. माझं सारं केलं ते ठकूबाईनं. ही गावातली कोळीण, विधवा, चाळिशीची. शाळा झाडायची, पाणी भरायची. ताप उतरला तरी अंगात उभं राहायची ताकद येईना. तेव्हा एका दुपारी तिनं पितळीत काहीतरी ऊन-ऊन आणलं.

"प्या."

"काय आहे?"

"इचारू नगा. डोळं मिटा आन्‌ प्या."

मरळीचं कढण होतं. मला वासावरून कळलं, आणि मी प्यायलो. पितळी चाटून पुसली हेही सांगायला हवं. आठ दिवसांत मी उभा राहिलो. त्यानंतर ते औषध राहिलं नाही, चटक राहिली. देशस्थाच्या घरात जन्मलेला मी, दर दोन दिवसांनी ठकूबाईच्या येण्याकडे डोळे लावून बसू लागलो. ती भावाकडून मासा आणायची, माझ्या चुलीवर शिजवायची आणि खवलं-काटे पदराआड घेऊन जायची.

आषाढ लागला आणि ती हात हलवत आली. "आता न्हाई. आता मासं पिल्लावर हाईत. आमी धरत न्हाई."

"एखादी?"

"पिल्लावरची मरळ खाल्ली तर घर बसतं, मास्तर. आता भादव्यात बगू."

मला भाद्रपदापर्यंत धीर धरवला नाही. तिच्या भावाचा एक गळ माझ्या खोलीत राहून गेला होता. भुकेल्या माशाला आमिष लागतं, ते मला लावता येत नव्हतं. पण मला मास्तरांनी शिकवलं होतं की या दिवसांत आमिष लागतच नाही. मधल्या सुट्टीनंतर मास्तर मोठ्या मुलांचं गणित घेत, तेव्हा मी इरलं पांघरून डोहावर जायचा. काठीला दोरी, गळाला चिंधीची गाठ. ती तांबड्या गोळ्यावरून नुसती ओढायची. पहिल्याच खेपेला मरळ उसळून चिंधीला चावली.

अशा चार मरळी मी धरल्या. चारही घरी येऊन चिरल्या. चारींची पोटं रिकामी होती. मास्तरांच्या वहीत अशा नोंदी दोन होत्या, माझ्यापाशी चार. चार वर्षं ज्या पुराव्यासाठी ते झुरत होते तो मी विळीवर दुप्पट करून ठेवला होता आणि एक शब्द त्यांना सांगू शकत नव्हतो. खवलं आणि काटे मी शाळेच्या मागं भिंतीलगत पुरत असे. ठकूबाईला यातलं काही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डोहावर गेलो की पाहायचो. राखणदार नसलेला गोळा दुपारपर्यंत अर्धा झालेला असे. खंड्या पक्षी, पाणसाप, बारके मासे. संध्याकाळपर्यंत पाणगवत तेवढं उरे.

मास्तरांच्या ते लक्षात यायला वेळ लागला नाही. एका सकाळी ते माझ्या दारात उभे राहिले, हातात वही. "पाच गोळे होते. एकच राहिला."

मी चूल फुंकत राहिलो.

"हे पुरानं झालेलं नाही, पाणी हललेलं नाही. कुणीतरी बाप धरतंय. आणि साधासुधा माणूस नव्हे. या दिवसांत कसा धरायचा हे ज्याला ठाऊक आहे असा माणूस." ते आत आले, पहिल्यांदाच. आवाज खाली आणून म्हणाले, "कुणीतरी माझं बोलणं ऐकतंय, धाकटे मास्तर. मी तुमच्याशी बोलतो तेव्हा दाराशी कोण असतं?"

दाराशी झाडत असायची ती ठकूबाई. मी म्हटलं, "मी लक्ष नाही दिलं."

त्याच आषाढात यमूचं ठरत होतं. मास्तरांची ही एकुलती मुलगी, सतराव्या वर्षात पडलेली. मुलगा पुण्यात नोकरीला, घर कर्मठ, पत्रिका जुळलेली. तुळशीचं लग्न झालं की बार उडवून द्यायचा, एवढं ठरलं होतं. त्याआधी मुलाचे काका एकदा मास्तरांची राहणी पाहून जाणार होते. हे काका शिवऱ्याला मोटारीतून उतरून, बैलगाडीनं, भर पावसात आले. मास्तरांनी त्यांच्यासाठी घागरीवरचा लाखेचा ठिपका काढून टाकला. मी त्यांना एवढं उघडं कधीच पाहिलं नव्हतं.

जेवण चांगलं झालं. आणि सुपारी कातरताना मास्तरांनी हौसेनं पोटांची वही काढली. व्याह्यांना आपली विद्वत्ता दाखवावी, एवढाच हेतू. "वैशाख वद्य तीज," त्यांनी वाचायला सुरुवात केली. बेडूक, खेकडे, पाखराचं पीस. काकांचा सुपारी घेतलेला हात तोंडाशी जाता जाता थांबला.

"आपण हे... उघडून बघता?"

"दुसऱ्याकडून उघडवतो! मी हात लावत नाही."

काका तांब्या घेऊन परसाकडे गेले. मीही मागोमाग गेलो, पावसात वाट निसरडी म्हणून. दोन दिवसांच्या पावसानं भिंतीलगतची माती वाहून गेली होती. मास्तरांच्या खिडकीखाली मरळीची मोठी खवलं चिखलात चकाकत होती. मी पुरली होती ती माझ्या खिडकीखाली. पण उतार त्यांच्या बाजूला होता.

"हे काय हो?" काकांनी बोट दाखवलं.

"खवलं दिसतायत."

"ते मलाही दिसतंय. इथं कशी?"

"पाऊस फार झाला. माती वाहिली."

"म्हणजे आधी पुरलेली होती?"

"असावीत."

"ही खिडकी कुणाची?"

"मास्तरांची."

"आणि डोहावर जाऊन बसतात ते हेच?"

"सुट्टीच्या दिवशी."

काकांनी तांब्या या हातातून त्या हातात घेतला. "पोट बघून झाल्यावर उरलेल्या माशाचं काय करतात?"

ज्याचा मासा तो घेऊन जातो, हे याचं खरं उत्तर होतं. मी म्हटलं, "ते मला ठाऊक नाही." त्या दिवशी मी बोललेलं खोटं एवढं एकच. बाकी सगळं खरं होतं, आणि खऱ्यानंच जास्त घात केला.

आठ दिवसांनी पत्र आलं. मुलाच्या आजीला पत्रिकेबद्दल शंका आहे, वगैरे. मध्यस्थानं मात्र खरं कारण सांगितलं. मास्तर मत्स्याहारी आहेत, खवलं पाहिली. मास्तरांनी ते पत्र उन्हात धरलं नाही की अक्षर ताडलं नाही. सरळ माझ्याकडे आले.

"तुम्ही एक पत्र लिहा. चार वर्षं एका कुडाआड राहतो आपण. तुमच्या शब्दाला वजन आहे, तुम्ही फुकट बोलत नाही."

मी दौत घेतली. त्याच क्षणी लिहायला हवं होतं की खवलं माझी आहेत. दोन ओळींचं काम. लिहिलं असतं तर माझी नोकरी कदाचित राहिली असती, घरात मात्र मला पानावर बसू दिलं नसतं. माझ्या वडिलांचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि मी लिहिलं: "मोठ्या मास्तरांना मत्स्याहार करताना मी कधी पाहिलेले नाही."

मास्तरांनी वाचलं. "'पाहिलेले नाही' कशाला? 'करीत नाहीत' लिहा की."

"जेवढं पाहिलं तेवढंच लिहावं, असं तुम्हीच सांगता."

ते थबकले. मग मान हलवली, आणि मला आजही ती मान हललेली दिसते. "बरोबर. पुराव्याच्या पुढे जाऊ नये."

उत्तर एका ओळीचं आलं. आपल्या सहकाऱ्यांचे पत्र फार सावधपणे लिहिलेले दिसते, आम्हांस समजायचे ते समजले.

मग मास्तरांनी आपल्या पद्धतीनं चोर शोधला. शाळेच्या पायरीवर ठकूबाई झाडत होती, मी दारात उभा होतो.

"डोहातल्या मरळी तू धरल्यास," मास्तर म्हणाले. "माझं ऐकून धरल्यास. आणि खवलं माझ्या खिडकीखाली टाकलीस. कुणी सांगितलं होतं तुला?"

"न्हाई, मास्तर. म्या न्हाई."

"मग कुणी?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं, त्याच क्षणी. भावाचा राहिलेला गळ, माझी चूल, आषाढातला माझा हट्ट, सगळं तिच्या नजरेत जुळलेलं मला दिसलं. मी वाट पाहिली. ती सांगेल अशी मला भीती वाटत होती, आणि थोडी आशाही. तिनं नजर खाली केली.

"मला न्हाई ठावं."

मास्तरांनी तिला तिथंच काढून टाकलं. केरसुणी भिंतीला उभी करून ती निघून गेली. पुढच्याच महिन्यात गावात जनावरांना खुरकूत आली, तेव्हा लोक म्हणाले, आसरांचा कोप. ठकीनं डोह बाटवला.

यमूचं लग्न त्या तुळशीत झालं नाही. पुढच्या वर्षी भोरमधल्या एका बिजवराशी झालं. चाळिशीचा वकिलाचा कारकून, तीन मुलं पदरात. मास्तर पुन्हा डोहावर गेले नाहीत. वर्गातली खुर्चीसुद्धा त्यांनी फिरवून घेतली, नदीकडे पाठ येईल अशी. वहीत नवी नोंद झाली नाही. संशय मात्र वाढत गेला. बदली होऊन गेले तिथं म्हणे ते देवाच्या नैवेद्याचीही चव आधी मांजराला देत. जाताना किल्ली त्यांनी माझ्याच हाती दिली. सहा वर्षांपूर्वी ते वारले. तोवर भोरला त्यांच्या घरावरून मी कितीदा तरी गेलो. आत एकदाही नाही.

गेल्या मार्गशीर्षात यमूकडे गेलो. ती ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिशी ओलांडलेली, केस पांढरे व्हायला लागलेले. तिनं पाण्याचं फुलपात्र पुढं ठेवलं आणि मी ते हातात घ्यायच्या आधीच सगळं सांगून टाकलं, इथं लिहिलं त्याहून वाईट भाषेत. तिचे हात सुपात चालू राहिले.

"बाबा शेवटच्या दुखण्यात सुद्धा त्या ठकूबाईला शिव्या देत होते," ती म्हणाली. सुपातला एक खडा वेचून तिनं बाजूला टाकला. "काका, तिला सांगितलंत?"

खोटं का बोलू, मला ते सुचलंच नव्हतं. चौदा वर्षं माझ्या मनात मास्तर होते, यमू होती. ठकूबाईला मी त्या हिशेबात धरलंच नव्हतं.

"नाही," मी म्हटलं.

यमूनं माझ्यापुढचं फुलपात्र उचललं आणि पाणी तुळशीत ओतलं. "मग आधी तिकडं जाऊन या. माझं नंतर बघू."

तिसऱ्या दिवशी मी गावात पोचलो. ठकूबाई वाडीच्या टोकाला उन्हाला बसली होती. मोतीबिंदूनं डोळे पांढुरके झालेले, पण आवाजावरून तिनं ओळखलं. "धाकलं मास्तर व्हय?"

मी सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "मला म्हाईत न्हाई का त्ये?"

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"काय बोलू? बामनाचं लेकरू मासं खातंय म्हनून? पयली वाटी कुनी पाजली, आसं इचारलं आस्तं त्येनी. म्याच बाटिवलं म्हनले आस्ते. डोह एक बाटिवला त्यो बाटिवला, वर बामन बाटिवला." ती हसली, पण ते हसू नव्हतं. "तुमी बोलायचं हुतं, मास्तर. तुमाला कुनी काय केलं आस्तं?"

मी तिच्या पायांकडे वाकू लागलो, तर तिनं पाय ओढून घेतले.

"हितं नगं. माज्यापाशी काय सांगता, मला ठावं हाय. चावडीवर चला."

ती काठी टेकत पुढं, मी मागं. चावडीवर म्हातारी मंडळी बसली होती. पाटील थकले होते, पण होते. मी उभा राहिलो. वर्गात चाळीस मुलांपुढे बोलून आयुष्य काढलेला माणूस मी. इथं सुरुवात सापडेना. तरी सांगितलं. डोहातल्या मरळी मी धरल्या. मी खाल्ल्या. खवलं माझी. ठकूबाईनं डोहाला हात लावला नाही, आणि मोठ्या मास्तरांनी जन्मात मासा खाल्ला नाही.

मग पाटलांनी विचारलं, "म्हंजी मोठं मास्तर खात न्हवतं?"

"नाही."

"एकदाबी न्हाई?"

"एकदाही नाही."

पाटलांचं तोंड उतरलं. "आन्‌ आमी इतकी वर्सं म्हनत आलो, मानूस इक्षिप्त खरा, पर आपल्यातला हुता. चोरून का हुईना, आपल्यावानी खात हुता." त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "त्यो तुमी हुता व्हय!" त्यात आपलेपणा मुळीच नव्हता.

मी जायला वळलो. ठकूबाईनं काठी आडवी धरली.

"थांबा. त्यो कोपऱ्यातला रामा कानानं गेलाय. खुरकुतीत त्येची दोन बैलं मेली, माज्या नावानं त्येनं आसरांम्होरं नारळ फोडलावता. त्येला काईबी ऐकू आलं न्हाई. फिरून सांगा."

कोपऱ्यातला म्हातारा माझ्याकडे पाहत होता. मी त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो आणि पहिल्यापासून सांगायला लागलो, ओरडून.